गावठी म्हणजे कोणाचा?

मंडळी, 'गावठी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. बाजारात गेलो की आपण गावठी अंडी मुद्दाम मागून घेतो आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजतो. गावठी कोंबडी, गावठी लसूण, गावठी तूप म्हटले की घरातली माणसे खूश होतात. पण हाच शब्द कुत्र्याला लावला की त्याची किंमत एकदम उतरते. "कुठल्या जातीचा आहे हो तुमचा कुत्रा? अल्सेशियन? डॉबरमन? नाही? म्हणजे गावठीच म्हणा की!" या 'गावठीच'मधल्या 'च'वर किती जोर असतो, ते ज्याने असा कुत्रा पाळला आहे त्यालाच ठाऊक.

तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. आपल्या इतिहासात हत्ती येतात, घोडे येतात, राणा प्रतापाचा चेतक येतो. कुत्रा मात्र क्वचितच येतो, आणि आला तरी पायाशी बसलेला असतो. असे असले तरी जुने कागद आणि जुन्या वस्तू जरा निरखून पाहिल्या, तर हा बिनजातीचा प्राणी आपल्याबरोबर फार लांबून चालत आलेला दिसतो. त्याच्या या वाटचालीकडे माझे लक्ष गेले ते आमच्या एका कुत्र्यामुळे. म्हणून आधी त्याची ओळख करून देते.

आमचे बोईसर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. भातशेती, ताडाची झाडे, आसपास वारल्यांचे पाडे आणि पश्चिमेला समुद्राकाठी कोळ्यांची गावे, असा हा मुलूख. शेजारच्या तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र उभे राहिले आणि १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची वीज रीतसर मिळू लागली. पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत आली आणि गावाचा तोंडवळाच बदलला. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून, बिहारमधून, केरळातून माणसे आली. आमची चाळ म्हणजे या सगळ्याचा छोटा नमुना. आठ खोल्या, आणि त्यांत पाच भाषा.

या चाळीत १९७६ साली, मी चौथीत असताना, आमचा कुत्रा आला. जवळच्या एका साहेबाच्या बंगल्यात अल्सेशियन कुत्री होती. मोठ्या दिमाखाची. साहेबांना तिची पिल्ले चांगल्या किमतीला द्यायची होती, पण कुंपणाखालची माती उकरून कोणी गल्लीतला वीर आत गेला आणि साहेबांचा बेत फसला. पिल्लांचे कान काही उभे राहिनात. तेव्हा ती 'कुठेही नेऊन सोड' असे सांगून रखवालदाराच्या हवाली करण्यात आली. त्यातले एक त्याने आमच्या चाळीच्या नळाजवळ आणून ठेवले.

रंग काळा, पाय तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. शेपूट मात्र अस्सल बापाची, वर वळलेली. दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तांबूस ठिपका होता, चष्मा कपाळावर सरकवून ठेवावा तसा. म्हणून आम्ही मुलांनी त्याचे नाव ठेवले चष्म्या. पण हे झाले आमच्या खोलीपुरते. बिहारी कुटुंब त्याला शेरू म्हणे, खानदेशातल्या वहिनी मोत्या म्हणत, आणि शेवटच्या खोलीतला केरळचा फिटर त्याला नुसते 'वा, वा' म्हणून बोलावी. त्यांच्या भाषेत 'वा' म्हणजे 'ये'. आम्हाला बरीच वर्षे वाटत होते की हा गृहस्थ कुत्र्याचे कौतुकच करतो आहे! चष्म्या मात्र चारही हाकांना ओ देई. सकाळी एका दारात भाकरी, दुपारी दुसऱ्या दारात भात, आणि नवापूरहून कोळीण टोपली घेऊन आली की तिच्याकडून बोंबलाची डोकी, असा त्याचा दिनक्रम.

रात्रपाळीची माणसे कारखान्यातून सुटायची तेव्हा बाहेर अंधार असायचा. रस्त्यावर दिवे थोडे आणि पावसाळ्यात सापांचे भय. चष्म्या भोंगा ऐकला की उठायचा, नाक्यापर्यंत जायचा आणि आमच्या चाळीतली माणसे मोजून आणल्यासारखी घेऊन यायचा. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. आई म्हणायची, "याचा पगार कंपनीने द्यायला हवा."

चिंचणीला माझी आत्या राहायची. भाऊ सायकलने तिकडे निघाला की चष्म्या मागोमाग धावत जायचा. आत्याच्या ओळखीची एक पारशी आजी खाडीपलीकडे तारापूरला राहत असे. तिने चष्म्याला पहिल्यांदा पाहिले आणि हातातले काम टाकून ती पायरी उतरून खाली आली. त्याच्या कपाळावरच्या ठिपक्यांना बोट लावून म्हणाली, "अरे, आ तो चार आंखवाळो!" मग तिने घरातून दूधपाव आणला. दूध कोमट होते, तरी ती बराच वेळ फुंकर घालत बसली. "गरम खवडाववानुं नही, पाप लागे," असे तिने आम्हाला बजावले.

ते पाप कोणते, हे मला पुढे पुस्तकांतून कळले. इराणातून आलेले पारशी परंपरेनुसार आपल्या जवळच्या संजाणला उतरले. पुढे संकटकाळात त्यांनी आपला पवित्र अग्नी बहरोटच्या गुहांत लपवून ठेवला होता. त्या गुहा आज आपल्याच पालघर जिल्ह्यात आहेत. तारापूरला तर पारशांची जुनी वस्ती, जुनी अग्यारी. तारापूरवाला हे आडनाव त्यावरूनच आले. या लोकांचा वेंदीदाद नावाचा धर्मग्रंथ आहे. त्यात कुत्र्याविषयी चक्क नियम दिलेले आहेत. कुत्र्याला तोंड भाजेल असे गरम अन्न देणे किंवा घशात अडकेल असे हाड घालणे हा त्यात अपराध मानला आहे. माणूस गेला की त्याच्या देहाला कुत्र्याची नजर दाखवायची, हा त्यांचा 'सगदीद' नावाचा विधी. त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला कुत्रा उत्तम. त्यालाच म्हणायचे चार डोळ्यांचा. आपल्या ऋग्वेदातही यमाचे दोन कुत्रे चार डोळ्यांचेच आहेत. म्हणजे साहेबाच्या बंगल्यातून हाकललेले आमचे पिल्लू त्या आजीच्या लेखी मोठ्या मानाचे होते. तिने त्याची जात विचारली नाही, फक्त कपाळ पाहिले.

आता आपण मुंबईला जाऊ, कारण पारशी आणि गल्लीतला कुत्रा यांची सगळ्यात मोठी हकीकत तिथे घडली. साल १८३२. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. मुंबईत कंपनी सरकारचा अंमल होता. कुत्री पिसाळतात म्हणून उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवसांत भटकी कुत्री मारायची, असा नियम आधीपासून होता. त्या वर्षी ही मुदत जूनपर्यंत लांबवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते.

इथेच खरी मेख आहे. कुत्र्यामागे आठ आणे म्हटल्यावर पकडणारा पिसाळलेले कुत्रे शोधत बसेल कशाला? पिसाळलेले कुत्रे धरणे जिवावरचे काम. त्यापेक्षा ओट्यावर झोपलेले, माणसाळलेले कुत्रे धरणे सोपे. अंगणांतून, दारांतून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. ६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्याच दिवशी कुत्री पकडणारे शिपाई कोटात, म्हणजे फोर्टमध्ये आले. जमाव जमला आणि शिपायांना मार बसला. दुसऱ्या दिवशी तर शहरात हरताळ पडला. दुकाने बंद झाली. पारशांच्या बाजूने हिंदू, जैन आणि काही मुसलमान व्यापारीही उभे राहिले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला रसद पोचेना. शेवटी फौज बोलावून जमाव पांगवावा लागला आणि पुढे काही जणांना शिक्षाही झाल्या. इंग्रजी पुस्तकांत या प्रकरणाला मुंबईची 'कुत्र्यांची दंगल' असे नाव आहे.

नाव वाचून हसू येते. पण जरा थांबून विचार करा. मुंबईत लोकांनी सरकारच्या हुकुमाविरुद्ध बाजार बंद ठेवल्याच्या सुरुवातीच्या प्रसंगांपैकी हा एक, आणि तो कोणासाठी? ज्यांचा कोणी एक धनी नाही, अशा गल्लीतल्या कुत्र्यांसाठी. सरकारचा हिशेब सरळ होता. ज्या कुत्र्याला मालक नाही ते बेवारशी, आणि बेवारशी ते मारायला मोकळे. लोकांचा हिशेब वेगळा होता. त्यांच्या दृष्टीने हे कुत्रे एका घराचे नसेल, पण आळीचे होते. आळीने त्याला भाकरी घातलेली होती. आमच्या आळीत येऊन आम्हाला न विचारता त्याला न्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, हा त्यांचा खरा सवाल होता.

त्या वेळच्या वजनदार पारशी मंडळींनी सरकारकडे रदबदली केली. कुत्री मारू नका, हवी तर शहराबाहेर नेऊन ठेवा, असा तोडगा पुढे आला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेदजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ सुरू झाला. भुलेश्वरचा तो पांजरापोळ आज बहुतेकांना गायींमुळे माहीत आहे. त्याच्या पायात रस्त्यावरच्या कुत्र्यांचाही वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आळीचे कुत्रे ही कल्पना काही १८३२ साली जन्मली नाही. १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबादला एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. गेंडा, हत्ती, रेडा आणि एक रथ. पुराणवस्तूंच्या जाणकारांत त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत, पण पुष्कळ जण त्या चार हजार वर्षांच्या आसपासच्या मानतात. त्या रथाला दोन बैल जुंपलेले आहेत आणि मागे हाकणारा माणूस उभा आहे. बैल आणि माणूस यांच्यामध्ये, रथाच्या दांड्यावर, एक कुत्रा उभा आहे. रथ करणाऱ्या कारागिराने तो तिथे का ठेवला, हे कोणी सांगू शकणार नाही. पण बैलगाडीखालून किंवा पुढून चालणारा कुत्रा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तेव्हा मला तरी ते चित्र परके वाटत नाही.

पुढे संतांच्या कथा आल्या. नामदेवांच्या ताटातली पोळी कुत्र्याने पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आपल्याला आजीने सांगितलेली असते. खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात. यांतल्या एकाचीही जात कोणी सांगितलेली नाही. ते नुसते कुत्रे आहेत.

दरबारातही एकाची नोंद झाली. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा एक आवडता कुत्रा होता. सातारकर त्याला खंड्या म्हणून ओळखतात. शिकारीत त्याने वाघाचा माग दाखवून महाराजांचा जीव वाचवला. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. तो लिहितो की महाराजांनी या कुत्र्याला रीतसर सनद देऊन जहागीर लावून दिली आणि पालखीचा मान दिला. एकदा दरबारात भपकेबाज सरदार येणार होते, तेव्हा महाराजांनी कुत्र्यालाच जरीची वस्त्रे आणि दागिने घातले आणि आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. कपड्यांवरून माणसाची योग्यता ठरवणाऱ्यांना याहून चांगला टोला कोणता? संगम माहुलीला कृष्णाकाठी महाराजांच्या समाधीजवळ खंड्याचीही समाधी दाखवतात. रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकावरून आपल्याकडे वाद झाले आणि समकालीन पुराव्याचा प्रश्न निघाला. त्या वादात मी शिरत नाही. माहुलीच्या कुत्र्याबद्दल मात्र निदान लिहिलेली हकीकत हाताशी आहे.

मग कुत्र्यांमध्ये ही 'जात' आली कुठून? तिचा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून फार अलीकडचा आहे. कामाप्रमाणे वेगवेगळे कुत्रे पूर्वीपासून होते. मेंढपाळाचा वेगळा, शिकाऱ्याचा वेगळा. आपल्याकडेही महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर कारवान आणि मुधोळ हे सडपातळ, वेगवान शिकारी कुत्रे आहेतच. पण वंशावळ लिहून ठेवायची, बाहेरचे रक्त येऊ द्यायचे नाही, कान अमुक इंचांचे आणि शेपूट तमुक वळणाची हवी असे नियम करायचे, हा प्रकार एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचा. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचे प्रदर्शन भरले आणि १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला. तिथून ही टूम जगभर गेली.

आमच्या चष्म्याच्या मातोश्रींचेच पाहा. अल्सेशियन म्हणजे जर्मन शेफर्ड. माक्स फॉन स्टेफानिट्झ नावाच्या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने १८९९ साली त्या जातीची संस्था काढली. निरनिराळ्या प्रांतांतले मेंढपाळांचे कुत्रे एकत्र आणून, त्यांचा संकर करूनच ही जात घडवली गेली. पहिल्या महायुद्धात जर्मन हे नाव इंग्रजांना नकोसे झाले, म्हणून त्यांनी तिचे बारसे अल्सेशियन असे केले. डॉबरमन तर एका जर्मन करवसुली अधिकाऱ्याच्या नावाचा. त्यानेही निरनिराळ्या प्रकारचे कुत्रे मिसळूनच तो तयार केला. म्हणजे आज आपण ज्याला शुद्ध म्हणतो, तो कालचा मिश्रच असतो. फक्त त्याची वही कोणीतरी लिहून ठेवलेली असते. १९७६ साली चष्म्याच्या आईच्या जातीला पाऊणशे वर्षे झाली होती. कुंपणाखालून आत शिरलेल्या बापाच्या घराण्याची मोजदाद हजारांत करावी लागेल.

जगभरच्या गावकुत्र्यांच्या रक्ताच्या तपासण्या गेल्या काही वर्षांत झाल्या, त्यांतूनही हेच दिसते. गल्लीतला कुत्रा म्हणजे जातिवंत कुत्र्यांची बिघडलेली संतती, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. ते खरे नाही. आपल्याकडचे गावठी कुत्रे बव्हंशी जुन्या, स्वतंत्र वंशाचे आहेत. उन्हाळा सोसणारी आखूड केसांची कातडी, कमी खाण्यात भागणारे शरीर, माणसाचा स्वर ओळखणारे कान, हे सगळे त्याने या मातीत राहून कमावले आहे. २००५ च्या जानेवारीत भारतीय टपाल खात्याने कुत्र्यांची चार तिकिटे काढली. हिमालयन मेंढपाळ कुत्रा, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजापालयम. चारही देशी जाती, याचा मला आनंदच झाला. पण ज्याची संख्या सगळ्यांत मोठी, त्याला मात्र त्या चार जागांत जागा मिळाली नाही.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, बाई, हे सगळे गोड आहे, पण कुत्रा चावला म्हणजे? हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून या विषयावर बोलणे बरोबर नाही. आमच्या चाळीमागच्या एका मुलाला कुत्रे चावले होते. चष्म्या नव्हे, दुसरेच, बाहेरून आलेले. त्या मुलाला बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागली. रोज त्याला रडत नेताना आम्ही पाहत होतो. पाश्चरने १८८५ साली रेबीजची लस पहिल्यांदा माणसाला दिली. आपल्याकडे मात्र मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस २००४-०५ पर्यंत चालू होती, तीच ही पोटातली चौदा इंजेक्शने. आता दंडात थोडीच इंजेक्शने घ्यावी लागतात. पण रोग तोच आहे. एकदा लक्षणे दिसली की वाचणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांची भीती खरी आहे, आणि कुत्र्यावर माया करणाऱ्यांनी त्या भीतीची थट्टा करता कामा नये.

या भीतीपोटीच १९८३ च्या सुमारास आमच्या भागात कुत्री पकडणारी गाडी आली. लांब लोखंडी चिमटे घेतलेली माणसे होती. चष्म्या नळाजवळ निजला होता. चाळीतली माणसे बाहेर आली. गाडीवरच्या मुकादमाने विचारले, "याचा मालक कोण?"

क्षणभर कोणीच बोलेना. खोटे वाटेल तुम्हाला, पण सात वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारलाच नव्हता. मग एकदम सात-आठ आवाज आले, "आमचा आहे." बिहारी काका म्हणाले, "हमारा है." मुकादम वैतागला. "एका कुत्र्याला आठ मालक कसे असतील? पट्टा कुठे आहे?" तेव्हा माझ्या वडिलांनी, जे कधी कुत्र्याच्या अंगावरून हातही फिरवत नसत, आपल्या पँटचा पट्टा काढला आणि चष्म्याच्या गळ्यात अडकवला. विजार एका हाताने धरून ते म्हणाले, "हा घ्या पट्टा. नाव लिहा माझे." मुकादमही माणूसच होता. हसला आणि पुढे गेला.

पण गोष्ट तिथे संपली नाही. त्या रात्री चाळीची बैठक बसली. वडील म्हणाले, "आज आपण आमचा म्हणालो. आता आमचा म्हणजे काय ते ठरवा." दर खोलीमागे दोन रुपये वर्गणी ठरली. त्यातून चष्म्याला रेबीज प्रतिबंधक लस टोचून आणली. खऱ्या पट्ट्याचे पैसे दिले केरळच्या फिटरने. खानदेशी वहिनींनी गणपतीच्या वर्गणीच्या वहीतच मागच्या पानावर तारीख लिहिली आणि दर वर्षी त्या तारखेला आठवण करून देण्याचे काम माझ्याकडे आले. मुंबईने १८३२ साली जो सवाल सरकारला केला होता, त्याचे उरलेले अर्धे उत्तर आमच्या चाळीने असे दिले. कुत्रा आळीचा असेल, तर त्याची जबाबदारीही आळीचीच.

देशाच्या कायद्यालाही याच वाटेवर यावे लागले. नुसती कुत्री मारून रेबीज हटत नाही, हे जगभरच्या अनुभवाने दिसले. एका गल्लीतली कुत्री नाहीशी केली की तिथले खरकटे खायला बाहेरची, लस न टोचलेली कुत्री येतात. उलट एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली, तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००१ साली केंद्र सरकारने नियम केले. कुत्रे पकडायचे, त्याची नसबंदी करायची, लस टोचायची आणि होते तिथेच परत सोडायचे. २०२३ साली त्या जागी नवे नियम आले. २०२५ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात पुन्हा पेटला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो बदलला आणि रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी कुत्री सोडून बाकीची लस टोचून परत सोडावीत असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवण्याचा आदेश निघाला. दोन्ही बाजूंनी माणसे तावातावाने बोलत होती. मला मात्र पुन्हा पुन्हा तो मुकादम आठवत होता. दोन शतके होत आली, तरी आपण त्याच प्रश्नाभोवती फिरतो आहोत: याचा मालक कोण?

चष्म्या बारा वर्षे जगला. शेवटी त्याला कमी दिसू लागले होते, तरी भोंगा झाला की तो उठून उभा राहायचा आणि दोन पावले टाकून पुन्हा बसायचा. मग रात्रपाळीची माणसेच घरी जाण्याआधी त्याच्याजवळ थांबायची. १९८८ च्या पावसाळ्यात तो गेला. चाळीमागच्या शेवग्याखाली त्याला पुरले. बिहारी काकांनी खड्डा खणला. वहिनींनी मूठभर मीठ आणि हळद टाकली. फिटर तेव्हा गावी गेला होता. त्याला पत्राने कळवले. तारापूरची आजी त्याआधीच गेली होती, नाहीतर तिनेही नक्की काहीतरी पाठवले असते. त्या जागी आता चार मजली इमारत आहे. सनद नाही, समाधी नाही. गणपतीच्या वर्गणीची ती वही मात्र मी जपून ठेवली आहे. मागच्या पानावर पाच तारखा आहेत आणि प्रत्येक तारखेपुढे आठ खोल्यांचे दोन-दोन रुपये.

आज बोईसरला घरे वाढली, माणसे वाढली, उकिरडे वाढले आणि त्यांबरोबर कुत्रीही वाढली. जुन्या चाळी गेल्या आणि 'आमचा' म्हणणारी आठ दारेही गेली. कुत्र्याला बिस्किट टाकणारे पुष्कळ भेटतात. त्याला दवाखान्यात नेणारे थोडे, आणि नसबंदीसाठी कोणाकडे जायचे याची चौकशी करणारे त्याहून थोडे. मंडळी, तुमच्या इमारतीखाली, तुमच्या आळीत जी दोन-चार कुत्री असतील, त्यांच्यासाठी एक साधी वही घाला. कोणाला कधी लस टोचली, कोणाची नसबंदी झाली, पुढची तारीख कोणती, एवढेच लिहायचे. वर्गणी फार पडत नाही. आणि वहीच्या पहिल्या पानावर मालकाच्या नावाची जागा येईल, तिथे सगळ्या खोल्यांचे नंबर लिहा.